फी तुम्ही भरलीत, हप्ते ती फेडतेय

पत्र

नमस्कार.

आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो. मिस्टर एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मी घरी ब्लाउज शिवते, फॉल-बिडिंग करते. मुलगी एकुलती एक, बारावी सायन्सला आहे. दहावीला 93 टक्के पडले म्हणून मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, नीटचा क्लास लावला. दोन वर्षांची फी दीड लाख. निम्मी पतसंस्थेचं कर्ज काढून भरली. दिवाळीपर्यंत बरं चाललं होतं, पण नंतर क्लासच्या टेस्टचे मार्क 720 पैकी 380 च्या पुढे सरकेनात. आता मार्क विचारले की चिडते. परवा गाद्या उन्हात टाकायला काढल्या, तर तिच्या गादीखाली टेस्टचे सात-आठ पेपर निघाले.

आम्ही तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही. ताटसुद्धा जागेवर नेऊन देते. ती रात्री दोनपर्यंत जागते, क्लासहून आली की दुपारी झोपते, मोबाइल हातातून सुटत नाही. मोठ्या दिरांचा मुलगा लातूरला शिकला, त्याला 2024 ला 610 मार्क मिळाले. मिस्टर रोज त्याचं नाव काढतात. यंदा नाही झालं तर हिलाही रिपीटसाठी लातूरला ठेवायचं म्हणतात. मोबाइल काढून घ्यावा का? लातूरला पाठवावं का? तिच्याशी बोलावं तरी कसं? नंबर लागला तर तुळजापूरला चालत येईन, असा नवस मी बोललेय. तिला सांगितलं तर तोंड फिरवून निघून गेली.

ता. क. मागच्या आठवड्यात भांडणात म्हणाली, "मी नसते तर तुमचे पैसे तरी वाचले असते." रागात बोलली असेल. मिस्टर म्हणाले, नाटकं आहेत.

एक आई, सोलापूर

उत्तर

ताई,

मी आधी ता. क. चं उत्तर लिहायला घेतलंय. मोबाइल, लातूर आणि नवस हे पुढे येतीलच, त्यांना इतकी घाई नाही.

मुलगी ते रागात बोलली असेल, तसं असू शकतं. सतराव्या वर्षी पोरं रागात वाट्टेल ते बोलतात. पण "मी नसते तर" हे ऐकल्यावर "नाटकं आहेत" म्हणायचं नसतं, आणि "असं अभद्र बोलू नये" म्हणून दटावायचंही नसतं. दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. पुढच्या वेळी मनात आलं तरी ती बोलून दाखवत नाही. तिनं ते तुमच्या तोंडावर बोलून दाखवलं, हे या सगळ्या प्रकारात मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

आज-उद्या दोघीच घरात असाल तेव्हा विषय काढा. समोरासमोर बसवून चौकशी नको. तुम्ही मशीनवर बसलेल्या असा, ती शेजारी असेल, तेव्हा म्हणा, "तू परवा जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुला खरंच कधी जगू नये असं वाटतं का गं?" इतकं सरळ विचारा. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो ही आपली समजूत आहे, आणि मानसोपचाराचे डॉक्टर ती खोडून काढतात. विचारल्यानं उलट मुलाला बोलायला जागा मिळते. मग ती जे बोलेल ते ऐकून घ्या. मध्येच "अगं, तुला काय कमी केलंय आम्ही" हे येऊ देऊ नका. ते जिभेवर येणारच, गिळा.

उत्तर "हो" आलं, किंवा उत्तर न देता ती रडायला लागली, तर त्या रात्री तिला एकटी झोपू देऊ नका. घरातल्या गोळ्या-औषधं, फिनाइल हाताशी राहू देऊ नका. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासात सल्ला देणाऱ्या सेवेचा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तिनं बोलायला नकार दिला तर तुम्ही स्वतः फोन करा, आई-वडिलांनाही तिथं सल्ला मिळतो. दुसऱ्या दिवशी आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात तिला घेऊन जा. तो दिवस क्लासचा असला तर क्लास बुडू दे. शेजारणीनं विचारलंच तर केसपेपर तुमच्या नावाचा आहे म्हणा, एवढं खोटं चालतं.

समजा ती हसून म्हणाली, "नाही गं, चिडून बोलले." तर देवाचे आभार माना, पण ते वाक्य सोडून देऊ नका. तिला पेपर अवघड गेल्याचं दुःख असतं तर ती म्हणाली असती, मला जमत नाही. ती पैशांचं बोलली. नीटचं टेन्शन हजारो घरांत असतं. तुमच्या घरातलं टेन्शन मला वेगळं दिसतं. फी तुम्ही भरलीत, पण गेले कित्येक महिने तिचे हप्ते ती पोरगी फेडतेय. प्रत्येक टेस्टला एक हप्ता. मार्क कमी आले की हप्ता थकतो, आणि थकलेल्या हप्त्याची नोटीस माणूस लपवतो तसे तिनं पेपर गादीखाली सारलेत.

तुमच्या मिस्टरांना मी दोष देत नाही. कारखान्यात आठ-आठ, दहा-दहा तास उभं राहून घरी आलेल्या बापाला काळजी असणारच, आणि ती तोंडातून नेमकी आकडा होऊन बाहेर पडते. "दीड लाख मोजलेत" हे ते जेवताना म्हणत असतील. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण मुलीच्या तोंडी आलेला हिशेब कुठून तरी आलाच असणार. दोन खोल्यांच्या घरात रात्री नवरा-बायको हळू आवाजात जे बोलतात ते पलीकडे जागं असलेलं पोर ऐकतं. अर्धं ऐकतं, हे जास्त वाईट. पतसंस्था, हप्ता, व्याज एवढेच शब्द भिंतीपलीकडे गेले, तर उरलेलं ती मनानं भरते. कदाचित तिच्या डोक्यात तुमचं घरही गहाण पडलं असेल.

म्हणून माझा पहिला सल्ला तिच्या वडिलांसाठी आहे. एखाद्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी पतसंस्थेचं पासबुक काढावं आणि तिच्यासमोर उघडावं. एवढं घेतलं होतं, एवढं फिटलं, एवढे हप्ते राहिलेत, ते माझ्या पगारातून अमुक महिन्यापर्यंत संपतात. बस. बेचाळीस हजार राहिले असतील तर बेचाळीस हजार सांगावेत. "पैशाची काळजी तू करू नकोस" हे मोघम वाक्य तिनं शंभर वेळा ऐकलं असेल, त्याचा उपयोग शून्य. खरा आकडा मनातल्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा लहान निघतो. आणि पासबुक मिटताना त्यांनी एवढंच म्हणावं, "हे मी माझ्या मर्जीनं घेतलंय. तुझा नंबर लागला तरी मीच फेडणार, नाही लागला तरी मीच फेडणार." याच्यापुढे "पण" नको. "पण तू मनापासून अभ्यास कर" हे जोडलं की सगळं मुसळ केरात. तुमच्या मिस्टरांना हे बोलणं जड जाईल, बापांना जातंच. आधी तुमच्याजवळ एकदा बोलून बघू देत.

आणि त्या दिवसापासून फीचा आकडा घरात बंद.

आता ते गादीखालचे पेपर. तुम्हाला ते सापडले हे तिला कळलंय का, तुम्ही लिहिलं नाहीत. कळलं नसेल तर पेपर हातात घेऊन झाडाझडती घेऊ नका. "गाद्या वाळवताना दिसले, तुझ्या टेबलावर ठेवलेत" एवढं पुरे. कधी स्वतःहून दाखवले तर मात्र मार्कांच्या खाली काय आहे ते बघायला शिका. त्यासाठी बायोलॉजी यावी लागत नाही.

नीटला 180 प्रश्न, 720 मार्क. बरोबर उत्तराला 4 मिळतात, चुकलं तर 1 कापला जातो, सोडून दिलं तर काही नाही. आता तुमच्या मुलीचे 380 घ्या. एका मुलीनं 95 प्रश्न सोडवले, 95 बरोबर, बाकी कोरे. तिला 380. दुसरीनं 155 सोडवले, 107 बरोबर, 48 चूक. 428 मधून 48 गेले, तिलाही 380. क्लासच्या यादीत दोघी शेजारी-शेजारी बसतील. पण पहिलीचा पोर्शन झालेला नाही, तिला वेळ पाहिजे. दुसरीचं वाचून झालंय, ती अंदाजानं गोळे काळे करतेय किंवा घाई करतेय. तिला आणखी चार तास अभ्यासाला बसवून काही होणार नाही. चुकलेल्या 48 पैकी निम्मे तिनं नुसते सोडून दिले असते तरी 404 झाले असते, एक ओळ जास्त न वाचता. तुमची मुलगी यातली कोणती, हे तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. बहुधा तिलाही नसेल, कारण पेपर बघायच्या आत गादीखाली जातोय. क्लासच्या एखाद्या सरांना हे विचारा. "कशी आहे आमची मुलगी?" असं विचारलंत तर "हुशार आहे, मेहनत कमी पडते" हे ठरलेलं उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, "हिचे किती चुकतात, किती सुटतात, आणि चुकतात ते कोणत्या विषयात?" यावर सरांना पेपर काढावा लागेल.

380 वर सरकारी एमबीबीएस अवघड आहे, हे मी गोड करून सांगणार नाही. मुलीलाही ते ठाऊक आहे. पण दिरांच्या मुलाचे 610 आणि हिचे 380 यांची रोजची तुलना तेवढी बंद करा, आणि ती चांगुलपणा म्हणून नव्हे, हिशेबच चुकीचा आहे म्हणून. 2024 ला डझनभराहून जास्त मुलांना 720 पैकी 720 होते. 2025 चा पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 मिळाले. एका वर्षीचे मार्क दुसऱ्या वर्षीच्या मार्कांना लावून काही कळत नाही, रँक बघावी लागते. त्यात त्याचे मार्क मुख्य परीक्षेचे, हिचे क्लासच्या टेस्टचे. मिस्टरांना हे गणित सांगा. टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाला दोन वर्षांच्या सुताचे भाव एकमेकांना लावत नाहीत हे माहीत असतं.

पत्रात एक वाक्य तुम्ही अभिमानानं लिहिलंय, की तिला काडीचं काम लावत नाही. मला ते खटकलं. तुमचा हेतू मायेचा आहे, शंकाच नाही. पण तिच्या बाजूनं बघा. आई रात्री ब्लाउज शिवते, बाप उभ्यानं नोकरी करतो, आणि मी ताटावर बसून खाते. ज्या पोरीच्या डोक्यात आधीच हिशेब चालू आहे, तिला प्रत्येक आयतं ताट बिलात चढल्यासारखं वाटतं. तिला एखादं काम परत द्या. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. आलं की पहाट असो, रात्र असो, सगळं घर उठून बादल्या, पिंप, हंडे भरत धावतं. त्या दिवशी "तू झोप, तुझा अभ्यास आहे" म्हणून तिला बाजूला काढू नका. पाईप धरू दे वीस मिनिटं. पिंपात पाणी पडताना जे इकडचं तिकडचं बोलणं होतं ते "बोलू या आपण" म्हणून बसल्यावर होत नाही. आणि वीस मिनिटांनी कुणाचं मेडिकल हुकत नाही.

"तिच्याशी बोलावं कसं" याचं उत्तर खरं तर यातच आलं. मार्क, क्लास, अभ्यास, टेस्ट हे शब्द सोडून तिच्याशी शेवटचं कधी बोललात, आठवून बघा. तिची मैत्रीण, शेजारचं मांजर, टीव्हीवरची मालिका, तुमच्या गिऱ्हाइकाचा बिघडलेला ब्लाउज, काहीही चालेल. मार्कांसाठी आठवड्यातली एक वेळ ठरवा आणि एकानेच विचारायचं ठरवा. मी तर म्हणेन, तुम्हीच विचारा. बाकी सहा दिवस ती घरात शिरली की "कसा गेला?" नाही. "जेवतेस का?" पुरे. शेंगाचटणी-भाकरी पुढ्यात असली की आपल्याकडची पोरं निम्मी निवळतात.

झोपेचं मात्र मनावर घ्या. नीटचा पेपर दुपारी 2 ते 5 असतो, तोही मेच्या सुरुवातीला. सोलापूरची मेमधली दुपार तुम्हाला मी सांगायला नको. जी मुलगी रोज रात्री दोनपर्यंत जागून दुपारी झोपते, तिचं डोकं नेमकं त्या तीन तासांत मिटायला शिकलंय. मार्चपासून दुपारची झोप जेवणानंतर वीस मिनिटांवर आणा आणि रात्री अकरा-साडेअकराला दिवा बंद. हे लढाई करून होणार नाही. तिला पेपरची वेळ दाखवा आणि तिलाच ठरवू द्या, ती हुशार आहे. बोर्डाचे पेपर संपले की दर रविवारी दुपारी दोनला पूर्ण पेपर घड्याळ लावून, गोळे काळे करायच्या ओएमआर शीटवर, कूलर न लावता. केंद्रावर कूलर असेलच असं नाही. त्या तीन तासांत तुमचं मशीन बंद आणि घरात पाहुणे नकोत. घरात फारच कलकलाट असेल, शेजारी लूम चालू असतील, तर एखाद्या अभ्यासिकेत बसू दे. परीक्षेच्या दिवशी गेट दीडला बंद होतं, मग कुणाचं काही ऐकत नाहीत, तेव्हा केंद्र आदल्या दिवशी बघून ठेवा.

मोबाइल काढून घेऊ नका. क्लासचे ग्रुप, टेस्टची उत्तरं, रेकॉर्ड केलेली लेक्चरं सगळं त्यातच असतं, ती लगेच तुम्हाला हे ऐकवेल आणि तिचं बरोबर असेल. रात्री अकरानंतर घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचे, एवढा एकच नियम करा. सगळे म्हणजे मिस्टरांचाही.

आता लातूर. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांपासून लातूरचं नाव आहे, आज नीटसाठीही सोलापूर जिल्ह्यातून पोरं तिकडे जातात, आणि काहींचं भलं होतं हेही खरं. पण हा निर्णय आत्ता, फेब्रुवारीच्या तोंडावर घ्यायचा नाही. आत्ता "नाहीतर लातूर" हे तिच्या कानाला शिक्षेसारखं लागतंय. आधीच्या हप्त्यांवर आणखी एक कर्ज, एवढाच अर्थ तिला त्यातून कळतो. निकाल लागू दे. मग तिघांनी बसा. माझं मत विचाराल तर, जिचा पोर्शन राहिला होता आणि जी स्वतः म्हणते की मला अजून एक वर्ष द्या, तिला रिपीटचा उपयोग होतो. जी आईबापाच्या तोंडाकडे बघून हो म्हणते, तिला होत नाही. आणि जी आज असं बोलतेय, तिला घरापासून लांब होस्टेलच्या खोलीत ठेवायचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका.

याला जोडून एक गोष्ट. तुमच्या सबंध पत्रात डॉक्टर कुणाला व्हायचंय हे कुठंच नाही. 93 टक्के पडले, क्लास लावला. तिला विचारून बघा. "हो, मलाच व्हायचंय" म्हणाली तर उत्तम. काही वेगळं म्हणाली तर त्या दिवशी वाद नको, फक्त ऐकून ठेवा.

आणि "नाही झालं तर पुढे काय" हे घरात मोठ्यानं बोला. आपल्याकडे ते अपशकुन समजून कुणी बोलत नाही, मग पोरांना वाटतं की पुढे दरीच आहे. नीटच्याच मार्कांवर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपीचे प्रवेश होतात. बी. फार्मसी आणि कृषी पदवी राज्याच्या प्रवेशपरीक्षेवर, सीईटीवर आहे. नर्सिंगची सीईटी वेगळी असते. बी. एस्सी. करायचं तर संगमेश्वर, दयानंद, वालचंद ही कॉलेजं आपल्या गावातच आहेत. तिथं शिकून माणसं चांगली मार्गी लागलेली तुमच्याच गल्लीत सापडतील. हे सगळं तिला माहीत असतं. ते तुम्हाला मान्य आहे, हे तिला माहीत नसतं.

फीचं सांगायचं तर, जुलै 2024 च्या सरकारी निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) या गटांतल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून प्रवेश घ्यावा लागतो, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. तुम्ही या गटांत बसत असाल तर तिच्या डोक्यातला पुढच्या फीचा डोंगर आत्ताच खाली उतरवता येईल. पासबुक उघडाल त्याच दिवशी हेही सांगा.

कागदपत्रं मिस्टरांच्या ताब्यात द्या. काळजी करणाऱ्या माणसाला हाताला काम लागतं. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर, वय-अधिवास, उत्पन्नाचा दाखला यांतलं तुम्हाला जे लागू असेल ते. जात वैधतेचा अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत जातो, तो गेलाय का हे ऑफिसात जाऊन विचारावं. त्याला आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले लागतात आणि ते गावाकडच्या शाळेतून काढायला खेपा होतात. आधार आणि दहावीचं मार्कशीट यांत नावाचं एक अक्षर जरी वेगळं असेल तरी आत्ताच दुरुस्त करून घ्यावं. निकालानंतर दाखल्यांसाठी सेतू केंद्रासमोर उन्हात रांगेत उभं राहणारे बाप दर जूनला दिसतात. रोज पुतण्याचं नाव काढण्यापेक्षा या कामात मिस्टरांचा राग जास्त सत्कारणी लागेल.

नवसाबद्दल. तुळजापूरला जरूर चालत जा, कोजागरीला निम्मं सोलापूर त्या रस्त्यावर असतं. पण नवस तुमचा आणि देवीचा, त्याची पावती मुलीच्या नावावर फाडू नका. आई माझ्यासाठी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालणार आणि ते माझ्या मार्कांवर अवलंबून, हे ऐकून ती तोंड फिरवून गेली, यात मला उद्धटपणा दिसत नाही. जमलं तर नवसच बदला. नंबर लागो न लागो, पोरगी सुखरूप परीक्षा देऊन आली की येते, असं देवीला सांगा. आणि तिलाही हेच सांगा.

शेवटचं, आणि हे याच आठवड्यात. नीटच्या नादात सीईटीचा पीसीबीचा, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीचा फॉर्म भरलाय का बघा. कित्येक क्लासवाले "फक्त नीटवर लक्ष द्या" म्हणतात आणि पोरं तो फॉर्म भरतच नाहीत. सीईटीला मार्क कापले जात नाहीत. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 50-50 प्रश्न, बायोलॉजीचे 100, प्रत्येकी एक मार्क, परीक्षा कॉम्प्युटरवर. अकरावीचा भाग साधारण 20 टक्के, बाकी बारावी, म्हणजे बोर्डाचा अभ्यास इथं कामी येतो. तुमची मुलगी ती दुसरी निघाली, चुकांपायी मार्क घालवणारी, तर हा पेपर तिला नीटपेक्षा सोपा जाईल. बोर्डही हलक्यात घेऊ नका. एमबीबीएसला बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत मिळून खुल्या गटाला 50 आणि आरक्षित गटाला 40 टक्के लागतातच, नीटला कितीही पडोत. फॉर्म राहिला असेल तर तिच्यासोबत बसून भरा, नाव आणि जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटप्रमाणे टाका, आणि फॉर्मची फी किती झाली ते तिच्यासमोर बोलू नका.